काळ्या पाषाणाची जबानी

अकोल्याच्या जठारपेठेत कोणी घर बांधावयास काढले, की विटांच्या आधी रेतीचा ढीग रस्त्यावर येऊन पडतो. आणि रेतीचा ढीग पडला, की त्याच संध्याकाळी गल्लीतील पोट्टे तेथे हजेरी लावतात. त्यांतल्या एखाद्याच्या खिशात मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातून उचकटून काढलेले लोहचुंबक असते. ते दोऱ्याला बांधून रेतीतून ओढत नेले, की त्याच्या अंगावर काळ्या बारीक कणांची दाढी उगवते. मीही लहानपणी ही दाढी कागदावर झटकून काडेपेटीत साठविली आहे, कागदाखालून चुंबक फिरवून त्या कणांना पलटणीसारखे उभे-आडवे केले आहे, आणि 'लोखंडाचा भुगा' म्हणून तो ऐवज मित्रांस मोठ्या अभिमानाने दाखविला आहे. तो लोखंडाचा भुगा नव्हता, हे कळावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या रांगांतील काळा पाषाण झिजवून पूर्णेने, मोर्णेने आणि त्यांच्या लहानमोठ्या भगिनींनी जे कण आमच्या दारापर्यंत वाहून आणले होते, ते मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे होते. आणि त्या खनिजापायी आमच्या या पाषाणाला विज्ञानाच्या दरबारात एकदा अविश्वासू म्हणून बाहेर काढण्यात आले, व पन्नास वर्षांनी त्याच दरबारात त्याची साक्ष सन्मानाने नोंदवून घेण्यात आली. त्या प्रकरणाची ही हकीकत आहे.

काळा पाषाण म्हणजे वऱ्हाडाचे हाड होय. कपाशीची काळी जमीन त्याच्याच झिजेची. नरनाळ्याचे आणि गाविलगडाचे डोंगर त्याचेच. आमच्या आजीचा पाटा-वरवंटा आणि दाराशी पालथे पडलेले जाते हीही त्याचीच लेकरे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहिला. आणि तो एकदा वाहून थांबला असे नव्हे, तर पुनःपुन्हा वाहिला, पसरला, निवला, आणि मध्यंतरीच्या स्वस्थतेत त्याच्या पृष्ठभागाची माती होते न होते तोच नव्या रसाखाली गाडला गेला. चिखलदऱ्याच्या वाटेवर किंवा पातूरच्या घाटात जेथे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे दोन काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा क्वचित दिसतो. ती त्या गाडल्या गेलेल्या मातीची खूण. या थरांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेवरून युरोपातील भूशास्त्रज्ञांनी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून बनलेले 'ट्रॅप' हे नाव त्यास दिले, आणि 'डेक्कन ट्रॅप' म्हणून तो जगभर ओळखला जाऊ लागला. आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूस या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्याही पुढे जाते.

लाव्हारस बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या वर असते. तो निवून घट्ट झाला तरी त्यातील मॅग्नेटाइट तेव्हाच चुंबकीय होत नाही. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली उतरावे लागते. तोपर्यंत त्यातील असंख्य सूक्ष्म चुंबक बाजारातल्या गर्दीप्रमाणे वाटेल तिकडे तोंडे करून असतात. त्या मर्यादेखाली ते एकमेकांकडे पाहून रांगेत उभे राहतात, आणि रांगेचा रोख त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकक्षेत्र जिकडे असेल तिकडे झुकतो. मग पाषाण थंड होतो व तो रोख त्याच्या अंगात गोठून राहतो. अशा रीतीने प्रत्येक थर हा तारीख घातलेला व शिक्का मारलेला एकेक कागद झाला, आणि थरांवर थर रचून झालेले हे पठार म्हणजे पेशवे दफ्तरातील रुमालांसारखे एक दफ्तरच झाले. फरक इतकाच, की ते उघडून वाचता येते ही कल्पना कोणासच नव्हती, आणि ज्यांचा चुंबकत्वाशी नित्याचा संबंध होता त्यांना तर हे दफ्तर म्हणजे केवळ उपद्रव वाटे.

तो संबंध पाहावयाचा तर मुंबईस कुलाब्याच्या दांड्यावर जावे लागते. तेथे कंपनी सरकारने १८२६ साली एक वेधशाळा बांधली, आणि १८४१ पासून एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली तेथे हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचेही वेध घेण्यास आरंभ झाला. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मंडळींत केरो लक्ष्मण छत्रे हे नाव आहे. पुढे 'केरूनाना' म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेल्या, ज्यांच्या गणिताच्या वर्गात लोकमान्य टिळक बसले, त्या छत्र्यांनी तरुणपणाची वर्षे या वेधशाळेत आकडे टिपण्यात घालविली. त्या कामाची कल्पना आज करवत नाही. बारीक तंतूस टांगलेला चुंबक, त्यावर आरसा, समोर दुर्बिणीत दिसणारी मोजपट्टी; तिच्यावरील आकडा दिवसाच्या व रात्रीच्या नेमलेल्या वेळी पाहावयाचा आणि वहीत लिहावयाचा. पावसाळ्याच्या मध्यरात्री, समुद्राच्या घोंगावण्यात, डोळ्यांवरची झोप आवरून कोणीतरी अनामिक कारकून तो आकडा वर्षानुवर्षे लिहीत होता. शास्त्राचा इतिहास लिहिताना आपण प्रतिभेची स्तोत्रे गातो व अशा वह्यांस विसरतो. वस्तुतः प्रतिभेचा बराचसा निर्वाह अशा वह्यांवरच चाललेला असतो.

या वह्यांपैकी एक पान तर जगात दुर्मीळ ठरले आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदास सूर्यबिंबावर एकाएकी प्रखर प्रकाश उसळलेला दिसला. दुसऱ्याच दिवशी पृथ्वीभर चुंबकीय वादळ माजले, आणि युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बेताल झाली. उत्तरेकडील अनेक वेधशाळांतील उपकरणे त्या वादळात मोजपट्टीच्या बाहेर फेकली गेली. कुलाब्याचा चुंबक मात्र पट्टीवर राहिला, आणि तेथील माणसे थोड्याथोड्या मिनिटांनी आकडे टिपीत राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर गुरबक्षसिंग लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्या जुन्या वह्या उघडून पाहिल्या, तेव्हा क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदलेली आढळली. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करून तेव्हा उणीपुरी सहा वर्षे झाली होती, आणि आमच्या इकडे जमाबंदीच्या चौकशा चालू होत्या. आकाशातील त्या हल्ल्याची खबर अकोल्यास कोणाला असण्याचे कारण नव्हते.

कुलाब्याच्या वेधशाळेवर खरे संकट आकाशातून आले नाही, रस्त्यावरून आले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या ट्रामगाड्या येणार हे शतक उलटताना निश्चित झाले. विजेचा प्रवाह रुळांतून जमिनीत शिरला म्हणजे जवळच्या चुंबकाची सुई ट्रामच्या वेळापत्रकाप्रमाणे डोलू लागणार, हे वेगळे सांगावयास नको. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय फ्रामजी मूस हे होते. १८९६ पासून त्या जागेवर असलेला हा पहिलाच एतद्देशीय गृहस्थ. त्यांनी मुंबईपासून दक्षिणेस, खाडीपलीकडे अलिबाग येथे नवी जागा पसंत केली, आणि एप्रिल १९०४ पासून तेथे वेध सुरू झाले. जुन्या व नव्या जागेचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून दोन वर्षे दोन्हीकडे काम चालू ठेवण्याची दूरदृष्टी मूस यांनी दाखविली, १९०६ साली कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले, आणि १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे त्यांनी केलेले जाडजूड संकलन १९१० साली छापून निघाले.

माझे लक्ष मात्र अलिबागच्या इमारतीच्या भिंतींकडे जाते. जेथे चुंबक टांगावयाचे त्या खोल्यांस लोखंडी खिळा चालावयाचा नाही, म्हणून पितळ-तांबे वापरले, हे समजण्यासारखे आहे. परंतु अलिबाग हे काळ्या पाषाणाच्याच मुलखात आहे. पाथरवटांच्या हाताशी हवा तितका उत्तम, टणक व स्वस्त दगड होता. तो नाकारण्यात आला, आणि समुद्रमार्गे पोरबंदरचा फिकट दगड आणविण्यात आला. कारण सह्याद्रीच्या दगडाच्या अंगात स्वतःचे चुंबकत्व होते, आणि सत्य सांगण्यासाठी टांगलेल्या सुईच्या शेजारी असा स्वतःचे मत असलेला शेजारी कोण ठेवील? भूमापनावर हिंडणाऱ्या अंमलदारांचीही हीच तक्रार असे. दख्खनच्या टेकड्यांच्या माथ्यावर, विशेषतः जेथे वीज पडून दगड भाजला असेल तेथे, होकायंत्र एका पावलावर एक दिशा सांगते आणि दुसऱ्या पावलावर दुसरी. काळा पाषाण हा खोटी साक्ष देणारा इसम आहे, असा निकाल लागल्यासारखाच होता.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये बर्नार ब्र्यून हा शास्त्रज्ञ एका जुन्या लाव्हाथराशी घुटमळत होता. त्या थराचे चुंबकत्व आजच्या पृथ्वीच्या नेमके उलट होते. म्हणून १९०६ साली त्याने असे सुचविले, की तो थर निवाला तेव्हा पृथ्वीचे उत्तर-दक्षिण ध्रुवच उलटे असावेत. १९२९ साली जपानच्या मोतोनोरी मातुयामाने तसाच निष्कर्ष काढला. दोघांसही फारसे कोणी विचारले नाही. दगड उलटी साक्ष देतो म्हणून पृथ्वी उलटी होती असे मानण्यापेक्षा दगडच खोटा मानणे सोयीचे होते.

या दगडास प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका फसलेल्या प्रयोगाने. पॅट्रिक ब्लॅकेट हे विश्वकिरणांवरील कामासाठी १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळालेले इंग्रज शास्त्रज्ञ. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हिंदुस्थानात आलेले, नेहरूंचे स्नेही व संरक्षणविषयक सल्लागार झालेले हे गृहस्थ त्या काळी एका भव्य कल्पनेने झपाटलेले होते: कोणतीही प्रचंड वस्तू केवळ स्वतःभोवती फिरते म्हणूनच चुंबक बनते. ही कल्पना कसोटीस लावण्यासाठी त्यांनी शुद्ध सोन्याचा १५ किलोंहून अधिक वजनाचा दहा सेंटिमीटर उंचीचा व तितक्याच व्यासाचा दंडगोल उसना मिळविला, जोड्रेल बँकच्या माळावर लोखंडाचा स्पर्श नसलेली झोपडी उभारली, आणि पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या त्या सोन्यात अत्यल्प चुंबकत्व सापडते का हे पाहण्यासाठी अतिशय संवेदनशील चुंबकमापक तयार केले. चुंबकत्व सापडले नाही. १९५२ साली त्यांनी तसे प्रांजळपणे प्रसिद्ध केले, आणि निबंधाच्या शीर्षकातच प्रयोग नकारात्मक असल्याचे लिहिले. एवढ्या थोर माणसाने आपला सिद्धान्त स्वतःच्या हाताने असा पुरावा, हे मला त्यांच्या नोबेलपेक्षाही मोठे वाटते. सोने परत गेले; मापक राहिले. त्या मापकाचे आता काय करावे, तर ज्यांत अत्यल्प चुंबकत्व असते असे पदार्थ मोजावेत. आणि असा पदार्थ म्हणजे दगड. ब्लॅकेट व त्यांचे सहकारी दगडांकडे वळले.

इकडे केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्व्हिंग नावाचा तरुण विद्यार्थी त्याच मार्गावर होता. दगडांच्या दिशा विखुरलेल्या असताना त्यांची सरासरी विश्वासाने कशी काढावी, याचे गणित थोर संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी १९५३ साली सिद्ध केले होते, आणि खंड सरकतात असे म्हणणाऱ्या वेगेनरची टिंगल चालू असण्याच्या त्या काळात अर्व्हिंगला प्रश्न पडला, की हिंदुस्थान जर खरोखरच दक्षिणेकडून सरकत आला असेल तर दख्खनचा पाषाण त्याची ग्वाही देणार नाही का? हिंदुस्थानातून मागविलेल्या थोड्याशा नमुन्यांवर त्याने मोजणी केली, आणि ग्वाही मिळाली. गंमत अशी, की १९५४ साली त्याचा प्रबंध विद्यापीठाने डॉक्टरेटसाठी नापास केला. साक्षीदारावर विश्वास ठेवणाराही संशयास पात्र ठरतो, त्यातलाच प्रकार. तो ऑस्ट्रेलियास निघून गेला, व पुढे त्याच क्षेत्रातील अग्रणी म्हणून मान्यता पावला.

आता खडकाची जबानी घ्यावयाची म्हणजे काय करावयाचे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणाचा कणा तो आहे. घाटातील उघड्या कड्यावर एक जागा निवडावयाची, आणि दगड फोडण्यापूर्वी त्याच्या पृष्ठावर उत्तर कोणती व क्षितिज कोणते याच्या रेघा आखावयाच्या. उत्तर पाहण्यासाठी होकायंत्र वापरता येत नाही, कारण साक्षीदारच होकायंत्रास फितवितो. म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा काढावी लागते. मग तो तुकडा प्रयोगशाळेत नेऊन मापकाखाली फिरवावयाचा आणि त्याच्या अंगातील रोख कोणत्या दिशेस व क्षितिजाच्या किती वर अगर खाली आहे हे पाहावयाचे. दिशेपेक्षाही महत्त्वाचा तो हा कल. विषुववृत्तावर मोकळी टांगलेली चुंबकसुई आडवी राहते. उत्तरेकडे जाल तसे तिचे उत्तर टोक खाली झुकते. दक्षिण गोलार्धात ते वर उचलले जाते. आणि ध्रुवावर सुई उभीच ठाकते. म्हणजे दगडातील कल हा त्या दगडाच्या जन्मस्थानाचा अक्षांश होय. माणसाच्या बोलीवरून त्याचा गाव ओळखावा, तसे हे आहे.

१९५६ साली लंडनच्या इंपीरियल महाविद्यालयातून, म्हणजे ब्लॅकेटांच्याच घरातून, क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे डॉइच मुंबईस आले. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या वेळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या इमारतीत होती. अणूंच्या गोष्टी करणाऱ्या त्या संस्थेत आता खंडाळ्याच्या घाटासारख्या ठिकाणचे दगड येऊन पडू लागले. सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे या दोघांनी डॉइच यांच्यासह १९५८ व १९५९ साली दख्खनच्या थरांवरील निबंध लिहिले. १९५८ मध्येच क्लेग यांच्याबरोबर त्यांनी तेव्हाच्या बिहारातील राजमहालच्या लाव्हांचीही तपासणी केली. दगड एकमुखाने जे सांगत होते ते असे: आमचा जन्म झाला तेव्हा आमची उत्तर आजच्या उत्तरेपासून सुमारे तीस अंश पश्चिमेस वळलेली होती, आणि आमचा कल पन्नास अंशांच्या आसपास असून तो दक्षिण गोलार्धातला होता. हिशेब केला म्हणजे अक्षांश निघतो सुमारे ३० अंश दक्षिण. अकोला आज २० अंश ४२ कला उत्तरेस आहे. पन्नास अंशांचा हा प्रवास म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरांच्या घरातला पल्ला झाला. ज्या जमिनीस आम्ही अचल म्हणतो, जिच्यावर पाय रोवून पाटील-पांड्यांनी शिवेचे दगड पुरले व त्यांवरून पिढ्यान्पिढ्या फिर्यादी लढविल्या, ती सबंध जमीन शिवेच्या दगडांसकट समुद्र पार करून येथे आली होती.

समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून खंडप्रवाहाचा सिद्धान्त जगाने मान्य केला तो १९६३ नंतर. त्याच्या कितीतरी आधी घाटातला दगड हे बोलून चुकला होता. परंतु खटला एका जबानीवर संपत नसतो. काही थर सरळ बोलत, काही नेमके उलट. सहस्रबुद्धे प्रभृतींस असे आढळले, की समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांच्या खालचे थर उलटे आहेत व वरचे सरळ. आणि पुष्कळ दिवस ही २००० फुटांची रेघ दख्खनच्या कालगणनेत मैलाच्या दगडाप्रमाणे वापरली गेली. पुढे ध्यानात आले, की थर सर्वत्र सपाट नाहीत, त्यांना हलकासा उतार आहे, आणि तेव्हा उंचीवरून वय ठरविणे म्हणजे वाड्याच्या जोत्यावरून मालकाचे वय ठरविण्यासारखे आहे. शिवाय विजेने, हवापाण्याने व कालौघाने दगडाच्या अंगात मागाहून शिरलेले चुंबकत्व, बखरीत नंतरच्या लेखकूने घुसडलेल्या मजकुरासारखे, वेगळे काढल्याशिवाय मूळ वचन कळत नाही. तेव्हा नमुना टप्प्याटप्प्याने तापवून, अगर उलटसुलट क्षेत्रात ठेवून, हे क्षेपक पुसण्याची रीत निघाली. अशी उलटतपासणी झाल्यावर १९८६ साली कूर्तिय्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की या थरांतील बराच मोठा भाग पृथ्वीच्या एकाच उलट्या कालखंडात, दहा लक्षांहून कमी वर्षांत ओतला गेला. त्या कालखंडास शास्त्रज्ञ २९-आर म्हणतात, आणि डायनोसॉरांचा अंत त्याच्याच पोटात येतो. तो अंत आमच्या लाव्हाने केला की मेक्सिकोवर पडलेल्या अशनीने, यावर अद्याप वाद आहे. वऱ्हाडच्या माणसाने या वादात घाईने कोणाचीही बाजू घेऊ नये, कारण बदनामी होईल ती आपल्याच दगडाची.

१९६२ साली टाटा संस्था आपल्या कायम जागेत गेली. ती जागा कुलाब्याच्याच टोकास आहे. ज्या दांड्यावरून विजेच्या भयाने चुंबक हलविण्यात आले होते त्याच दांड्यावर. दैव अशा योजना करते तेव्हा त्या कोणाच्या ध्यानातही येत नाहीत.

इतके झाले तरी दगड आपली दिशा इतक्या कोटी वर्षे धरतो कसा, हा प्रश्न राहतोच. उत्तराचा पहिला अर्धा भाग १९२५ नंतर मिळाला. इलेक्ट्रॉनास एक अंगभूत चुंबकत्व असते. त्यास इंग्रजीत स्पिन म्हणतात, आपण फिरकी म्हणू. या फिरक्या शेजारच्या फिरक्यांशी एका विलक्षण बंधनाने बांधलेल्या असतात, हे हायझेनबर्गने १९२८ साली दाखविले. दुसरा अर्धा भाग लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४९ साली दिला: कण पुरेसा लहान असेल तर त्यातील साऱ्या फिरक्या एकाच दिशेच्या राहतात, आणि ती दिशा सामान्य उष्णतेच्या हेलकाव्याने उलटावयास अब्जावधी वर्षे लागू शकतात. आमच्या पाषाणाच्या इमानाचा हा खुलासा होता.

मग पुढचा प्रश्न साहजिकच असा, की इमान राखण्यास किती जाडी लागते? आमचे थर किलोमीटरांचे आहेत. एकाच अणूच्या जाडीचा थर असला तर त्यात रोख टिकेल का? १९६६ साली मर्मिन व वॅग्नर यांनी सिद्ध केले, की फिरक्यांना सर्व दिशा सारख्याच प्रिय असतील तर टिकणार नाही. शेगावची पालखी अकोल्यावरून पंढरीस जाते तेव्हा दिंडीतील प्रत्येक वारकरी शेजाऱ्याकडे पाहून पाऊल टाकतो; शेजारी थोडे असतील आणि प्रत्येकजण केसभर वळला, तर दूरच्या टोकास तोंडे भलतीकडेच झालेली असतात. परंतु त्या सिद्धान्तास एक पळवाट होती. फिरक्यांना मुळातच एखादी दिशा, उदाहरणार्थ उभी दिशा, अधिक प्रिय असेल, तर रांग मोडत नाही. पळवाट कागदावर होती. तशी वस्तू हाती नव्हती. २००४ साली शिसपेन्सिलीतील ग्राफाइटचे थर चिकटपट्टीने सोलता सोलता एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा मिळाला, तेव्हा वाट खुली झाली. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी चुंबकीय पापुद्रे जाहीर केले: एकाचा पदार्थ क्रोमियम व आयोडीन यांचा, दुसऱ्याचा क्रोमियम, जर्मेनियम व टेल्युरियम यांचा. पहिल्याचा एकच पदर उणे २२८ अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहत होता. थंडी भयंकर आहे खरी. परंतु एका पदराने इमान राखले.

त्याहून नवल दोन पदरांचे. क्रोमियम-आयोडीनचे दोन पदर एकावर एक असले, की बाह्य क्षेत्राच्या अभावी एकाचा रोख वर व दुसऱ्याचा खाली असतो. उलट्या थरावर सरळ थर: हे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला सहस्रबुद्ध्यांची २००० फुटांची रेघ आठवली. तेथे दोन थरांमध्ये पृथ्वीचे चुंबकक्षेत्र उलटण्याइतका काळ गेला होता. येथे एका पदराचे अंतर पुरते. पदर किंचित पिळून ठेवले तर वर-खाली आणि सरळ-सरळ अशा वस्त्या एकाच पापुद्र्यावर शेजारी-शेजारी नांदतात, हे २०२१ साली दिसले. आणि ते ज्या सुईने पाहिले ती सुई म्हणजे हिऱ्यातील एक दोष आहे. कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि त्याच्या शेजारी एक रिकामी जागा, एवढे वैगुण्य शुद्ध हिऱ्यात असले, की ते भोवतालचे चुंबकत्व अत्यंत बारकाईने टिपते. अलिबागच्या भिंतीतून हाकललेल्या दगडाचा हा सोवळ्यातला भाऊबंदच म्हणावयाचा.

रांगेच्या या शास्त्रात भोवऱ्यांचाही एक अध्याय आहे. मध्यबिंदूतील फिरकी खाली, कडेच्या फिरक्या वर, आणि मधल्या एकेक पाऊल वळत गेलेल्या, अशी जी गाठ होते तिला ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी स्कर्म याच्या नावावरून स्कर्मिऑन म्हणतात. डोक्यावरचा भोवरा कसाही भांग पाडला तरी जात नाही, तशी ही गाठ सहजी सुटत नाही. २००९ साली ती मँगॅनीज व सिलिकॉनच्या स्फटिकात प्रथम दिसली, आणि २०२० च्या सुमारास लोह, जर्मेनियम व टेल्युरियम यांच्या पदरांच्या पापुद्र्यांतही सापडली. माहिती साठविण्यासाठी तिचा उपयोग होईल अशी आशा आहे. आशा पुष्कळ व माल थोडा, अशी त्या बाजाराची आजची स्थिती आहे.

भोवऱ्यांची ही भाषा शेवटी पुन्हा दगडाकडेच आली. नेएलचे गणित इवल्याशा, एकदिश कणांचे होते. प्रत्यक्ष पाषाणात मात्र बहुतेक कण त्यांहून मोठे असतात, व त्यांच्या आत फिरक्या सरळ उभ्या न राहता भोवऱ्यासारख्या गरगरलेल्या असतात. मग अशा कणांची जबानी ग्राह्य धरावी काय, असा आक्षेप साठ वर्षे टांगलेला होता. २०१६ साली इंपीरियल महाविद्यालयातील, म्हणजे ब्लॅकेटांच्याच घरातील, संशोधकांनी मॅग्नेटाइटचे कण इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्मदर्शकात ठेवून तापविले व त्यांतले भोवरे डोळ्यांनी पाहिले. सुमारे १५० नॅनोमीटरच्या कणातील भोवरा ४०० अंशांपुढे अस्वस्थ होऊन हलू लागला, पण निवताच पूर्वस्थळी आला. सुमारे २५० नॅनोमीटरच्या कणातील भोवरा ५५० अंशांपर्यंत जागचा हलला नाही.

जठारपेठेतील माझ्या काडेपेटीतले कण त्याच खनिजाचे होते. पण प्रयोगातील कणांशी तुलना केली तर हजारपट मोठे, आणि इतक्या मोठ्या कणाच्या पोटात फिरक्यांचे अनेक तट पडलेले असल्यामुळे तो जवळच्या कोणत्याही चुंबकाचे ऐकतो. कागदाखालून मी म्हणेन तशी ती पलटण फिरत असे, ती त्यामुळे.